चार कोटी अंकांची संख्या आणि एक शून्य

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या सॅन अँटोनियो शहरात एका यंत्रावर चाललेलं लांबलचक गणित संपलं आणि उत्तर शून्य आलं. आदल्याच दिवशी आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका यंत्राने एका संख्येबद्दल 'बहुधा मूळ' असा निकाल दिला होता. सॅन अँटोनियोच्या शून्याने त्यातला 'बहुधा' खोडून टाकला. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ती संख्या मिळते. तिचे अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. सेकंदाला एक अंक या गतीने रात्रंदिवस वाचत राहिलं तर सव्वा वर्षाहून जास्त काळ लागेल. ल्यूक ड्युरांट या अमेरिकन हौशी संशोधकाने १७ देशांतल्या डेटा सेंटरांमधले ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन तिचा शोध लावला. माहीत असलेल्या मूळ संख्यांत त्या घडीला ती सर्वांत मोठी ठरली.

बातम्यांत अंकांची संख्या आली, छापायला किती पानं लागतील तेही आलं. पण खरा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. एवढ्या मोठ्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, हे कळलं कसं? शाळेत शिकवलेली रीत इथे कामाची नाही. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, ही ती रीत. इथे वर्गमूळच दोन कोटी अंकांचं आहे. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या लिहायला ऐंशीएक अंक पुरतात, म्हणजे भागाकारांचा विषय इथेच मिटला. तरीही निकाल पक्का आहे. अंदाज नाही, शक्यता नाही, गणिती सिद्धता आहे. मोठ्या मूळ संख्यांचा सारा इतिहास म्हणजे भागाकार न करता भाग जात नाही हे सिद्ध करण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. माझ्या मते संख्येच्या लांबीपेक्षा त्या युक्त्याच अधिक पाहण्यासारख्या आहेत.

मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दाखवलं. त्याच्याच ग्रंथात दुसरी एक गोष्ट आहे, तिच्यामुळे २ च्या घातातून १ वजा करण्याचा नाद लोकांना लागला. अशी संख्या मूळ निघाली तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनवता येते. परिपूर्ण म्हणजे जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते, जशी ६ किंवा २८. ७ पासून २८ मिळते, ३१ पासून ४९६. पुढे गणितज्ञ ऑयलरने सिद्ध केलं की सम परिपूर्ण संख्या फक्त याच रीतीने तयार होतात.

या संख्यांना मर्सेनचं नाव आहे. मरँ मर्सेन हा फ्रेंच पाद्री आणि सतराव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांचं जणू टपालघर. (सोयीसाठी या लेखात २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येला म-१२७ म्हणतो, बाकीच्याही तशाच.) घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच असते, हे सहज दाखवता येतं. उलट मात्र खरं नाही. ११ मूळ आहे, पण म-११ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. मर्सेनने १६४४ मध्ये छापून टाकलं, की २५७ पर्यंतचे २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच घातांक मूळ संख्या देतात. एवढं गणित त्याने केलेलं असणं शक्यच नव्हतं. यादी चुकीचीही निघाली: ६७ आणि २५७ नको होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. पण ठोकून दिलेल्या विधानालाही कधीकधी चांगली फळं येतात. यादी तपासण्यात पुढच्या लोकांची तीनशे वर्षं गेली आणि त्या खटपटीतून मोठ्या संख्यांचं शास्त्र उभं राहिलं.

पहिली मोठी युक्ती ऑयलरची. २०४७ चे विभाजक पुन्हा पाहा. २३ म्हणजे ११ च्या दुपटीत १ मिळवला, ८९ म्हणजे ११ च्या आठपटीत १ मिळवला. हा योगायोग नाही. घातांक विषम मूळ असला, की मर्सेन संख्येचा कोणताही विभाजक घातांकाच्या सम पटीत १ मिळवलेलाच असतो. शिवाय त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. आता म-३१ घ्या: २,१४,७४,८३,६४७. तिचं वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे, आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत सुमारे ४,८००. वरच्या दोन अटी लावल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्याच संख्या शिल्लक राहतात, त्या जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी. चार हजार आठशे भागाकारांचं काम ऐंशीवर आलं. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, १७७२ मध्ये, ऑयलरने बर्नूली या गणितज्ञाला पत्राने कळवलं की ही संख्या मूळ आहे.

ही संख्या आपल्यातल्या पुष्कळांच्या खिशातून गेलेली आहे. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणजे बरोबर म-३१. 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्यासाठी यूट्यूबला २०१४ मध्ये प्रेक्षकसंख्येचा काटा बदलावा लागला, तो याच मर्यादेपायी. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या संगणक प्रणाली १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच संख्येवर येऊन अडतील. ती मूळ आहे याच्याशी मात्र या अडचणीचा काही संबंध नाही. ती ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे, एवढंच.

ऑयलरची युक्ती कितीही चांगली असली तरी शेवटी भागाकारच, फक्त कमी केलेला. घातांक ६७ किंवा १२७ झाला की तीही हात टेकते. खरी कलाटणी दिली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने. १८७६ मध्ये त्याने भागाकाराची वाट सोडून दिली. त्याच्या पद्धतीला डी. एच. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये आजचं सुटसुटीत रूप दिलं. ती इतकी सोपी आहे की इथे करूनच दाखवतो.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्या करायच्या. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. तिसरी शक्यता नाही. घातांक ५ घेऊ. संख्या ३१, पायऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, म्हणजे १९४. ३१ ने भागल्यावर बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, म्हणजे ६२; बाकी शून्य. ३१ मूळ आहे. हेच २०४७ वर केलं तर नऊ पायऱ्यांनंतर १७३६ हाती येतं. शून्य नाही, म्हणजे संख्या संयुक्त.

पण २३ आणि ८९ कुठेच दिसले नाहीत! या पद्धतीचं सगळं वैशिष्ट्य त्यात आहे. विद्यार्थी नापास झाला एवढं निकाल सांगतो, कोणत्या विषयात ते सांगत नाही. ल्युकाने म-६७ संयुक्त असल्याचं दाखवलं तेव्हा तिचा एकही विभाजक त्याला माहीत नव्हता. ते सापडायला १९०३ साल उजाडलं. फ्रँक नेल्सन कोल याने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फळ्यावर आधी २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, मग १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला, आणि दोन्ही उत्तरं एकच आल्यावर एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला, असं सांगतात. या कामाला आपले तीन वर्षांचे रविवार गेले, असं त्याचं म्हणणं होतं म्हणे. सांगोवांगीचा भाग सोडून द्या, आकडे पाहा. ऑयलरच्या नियमाप्रमाणे पहिला विभाजक १३४ च्या पटीत १ मिळवलेला असायलाच हवा, आणि तो आहेही. फक्त ती पट १४,४५,५८० वी आहे. नियम माहीत असूनही एवढं लांब चालत जावं लागतं.

ल्युकाचा दुसरा निकाल अधिक मोठा. म-१२७ ही ३९ अंकांची संख्या मूळ असल्याचं त्याने हातानेच गणित करून ठरवलं. १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षं, हाच विक्रम टिकला, आणि यंत्राच्या मदतीवाचून सापडलेल्या मूळ संख्यांत ती आजही पहिली आहे.

हे शून्य एवढं बोलकं का? उत्तर संख्येत नाही, तिच्या शेजारच्या संख्येत आहे. मर्सेन संख्येत १ मिळवा, २ चा निव्वळ घात मिळतो. तिचे सगळे विभाजक आपल्याला तोंडपाठ आहेत: २, २, २ आणि पुन्हा २. ल्युकाच्या गणितात बाक्यांची एक फेरी तयार होते. शेवटचं शून्य सांगतं की त्या फेरीची लांबी नेमकी या शेजारच्या संख्येएवढी, म्हणजे पूर्ण २ च्या घाताएवढी आहे. मर्सेन संख्येला लहान विभाजक असता तर एवढी लांब फेरी त्याच्या हिशोबात मावलीच नसती. म्हणून विभाजक नाही. एखाद्या संख्येच्या एक पुढची किंवा एक मागची संख्या पूर्ण फोडलेली मिळाली, की मधली मूळ आहे की नाही हे झटकन कळतं, हा त्यातून निघालेला सर्वसाधारण धडा. माहीत असलेल्या अतिप्रचंड मूळ संख्यांच्या यादीवर नजर टाकली, तर वरच्या टोकाला जवळजवळ सगळ्या अशाच, शेजार ओळखीचा असलेल्या. त्यामुळे 'सर्वांत मोठी मूळ संख्या' हा किताब फसवा आहे. तिच्याहून लहान असलेल्या अगणित मूळ संख्या आपल्याला माहीतच नाहीत, कारण त्यांच्या शेजाऱ्यांबद्दलही आपल्याला काही माहीत नाही.

यंत्रं आल्यावर पुढचा मार्ग ठरलेलाच होता. जानेवारी १९५२ मध्ये रॅफेल रॉबिन्सनचा कार्यक्रम लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकावर चालला आणि एकाच दिवसात म-५२१ आणि म-६०७ सापडल्या. त्या वर्षात आणखी तीन. १९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात म-११२१३ सापडली, तेव्हा तिथल्या टपालाच्या शिक्क्यावरच ती मूळ असल्याचं छापलं गेलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरा निकेल आणि कर्ट नोल या अठरा वर्षांच्या दोघांनी म-२१७०१ शोधली. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमनने 'गिम्प्स' हा उपक्रम काढला, आणि घराघरांतल्या संगणकांचा रिकामा वेळ या कामी लागला. १९९९ मध्ये म-६९७२५९३ ने दहा लाख अंकांची वेस ओलांडली, २००८ मध्ये म-४३११२६०९ ने एक कोटीची. दोन्ही वेळा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं इनाम मिळालं, आधी ५० हजार डॉलर आणि मग एक लाख. दहा कोटी अंकांसाठी दीड लाख डॉलर ठेवलेले आहेत. तिथे पोहोचायला घातांक ३३ कोटी २० लाखांच्या आसपास न्यावा लागेल. ड्युरांटची संख्या अजून निम्म्या वाटेवरही नाही.

या शर्यतीत खरं कौतुक करावं असं काही असेल तर ते गुणाकाराचं आहे. म-१३६२७९८४१ तपासायची म्हणजे चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग साडेतेरा कोटींहून अधिक वेळा करायचा. शाळेतल्या पद्धतीने एकच वर्ग करायला अंकागणिक अंक असे दीड हजार लाख कोटींहून अधिक गुणाकार पडतील. १९७१ मध्ये श्योनहागे आणि श्ट्रासेन या जर्मन गणितज्ञांनी दाखवलं की ध्वनिलहरींचं विश्लेषण करणारं गणित गुणाकारालाही लावता येतं आणि काम अफाट कमी होतं. त्याच कल्पनेवर आजचे कार्यक्रम चालतात. राहिला भागाकार. तो तर फुकटातच होतो. ९९ ने भागल्यावर बाकी काढायची तर आपण भागत बसत नाही, दोन-दोन अंकांचे गट पाडून बेरीज करतो: १७२९ चे १७ आणि २९, बेरीज ४६, हीच बाकी. संगणकाच्या द्विमान पद्धतीत मर्सेन संख्या म्हणजे ओळीने नुसते एक. ९९ मध्ये नऊ आहेत तसे. तेव्हा तिथेही अर्धे बिट उचलायचे, उरलेल्यांत मिळवायचे, झालं.

दिवसेंदिवस चालणाऱ्या गणितात यंत्रही चुकतं. एक बिट उलटा पडला की पुढचं सगळं वाया, आणि खरी मूळ संख्या कोणाला न कळता हातची जाते. म्हणून प्रत्येक घातांक दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तपासण्याची शिस्त होती. अलीकडे रॉबर्ट गेर्बिच यांनी सुचवलेली पडताळणी चालू गणितातच चूक पकडते. या कामातून संगणकांचीही परीक्षा होते. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे प्राध्यापक दोनच्या अंतराने येणाऱ्या जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत असताना पेंटियम चिपचा भागाकार चुकतो असं त्यांच्या लक्षात आलं, आणि इंटेलला त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च सोसावा लागला. २०१६ मध्ये इंटेलच्याच स्कायलेक प्रोसेसरमधला दोष मर्सेन संख्या तपासणाऱ्या 'प्राइम-९५' या कार्यक्रमानेच उघड केला. मोठ्या मूळ संख्यांचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर ही दोन उदाहरणं पुरेत.

कारण नेहमी दिलं जाणारं उत्तर चुकीचं आहे. विक्रमी मूळ संख्या गुप्तलेखनासाठी लागतात, असं दर वेळी छापून येतं. त्या तिथे अजिबात चालत नाहीत. एक तर जगजाहीर, त्यात अवजड. १९७७ च्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीत आजकाल तीनशे नऊ अंकांच्या आसपासच्या दोन मूळ संख्या लागतात, आणि त्या कोणाला माहीत नसल्या तरच उपयोगाच्या. त्या मिळतात कशा? यदृच्छेने विषम संख्या उचलायची आणि तपासायची. मूळ संख्यांच्या विरळपणाचा नियम १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी सिद्ध केला. त्याप्रमाणे या आकारात साधारण सातशे संख्यांमागे एक मूळ असते. सम संख्या वगळल्या तर साडेतीनशेच्या आसपास प्रयत्न सरासरी पुरतात. व्हॉट्सअॅपच्या संदेशांचं कुलूप तर २ च्या २५५ व्या घातातून १९ वजा केलेल्या एका ठरलेल्या मूळ संख्येवर उभं आहे. तिचे अंक फक्त ७७.

या तीनशे अंकी संख्यांचा शेजार मात्र अनोळखी असतो. ल्युकाची वाट इथे बंद. मग आधार घेतात फर्माच्या एका जुन्या सिद्धांताचा: न मूळ असेल आणि न ने अ ला भाग जात नसेल, तर अ चा (न − १) वा घात न ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ आली नाही तर न संयुक्त, यात शंका नाही. पण बाकी १ आली म्हणून न मूळच असेल असं नाही. ३४१ घ्या. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक १. तेव्हा २ च्या ३४० व्या घाताचीही बाकी १. आणि ३४१ तर ११ गुणिले ३१! काही संख्या याहून बिलंदर. ५६१ ला, तिच्याशी सामाईक विभाजक नसलेला कोणताही अ घेऊन तपासा, ती मूळ असल्यासारखीच वागते. या कार्मायकेल संख्या. रामानुजन यांच्यामुळे गाजलेली १७२९ (७ × १३ × १९) ही त्यांच्यातलीच तिसरी. त्यांचाही साठा संपत नाही, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं.

मिलर आणि राबिन यांनी फर्माची चाचणी कडक केली. संयुक्त संख्या त्यांच्या चाचणीतून एका फेरीत निसटण्याची शक्यता एक चतुर्थांशाहून जास्त नाही, आणि फेऱ्या हव्या तेवढ्या घेता येतात. पन्नास फेऱ्यांनंतर फसगत होण्यापेक्षा यंत्रच बिघडण्याची शक्यता अधिक. बँकांचं काम तेवढ्यावर भागतं. गणितज्ञाचं भागत नाही. शेजाऱ्याची मदत न घेता, नशिबावर न विसंबता आणि वाजवी वेळात कोणत्याही संख्येचा निकाल लावता येईल का, हा प्रश्न अनेक दशकं लोंबकळत होता.

त्याचं उत्तर भारतातून आलं. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी अशी पद्धत जाहीर केली. लांबच लांब सिद्धतेची सवय झालेल्या तज्ज्ञांना ती अवघ्या काही पानांत मिळाली, आणि तिथलं गणितही पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असं होतं. २००४ मध्ये ती 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापून आली, २००६ मध्ये तिला गोडेल पारितोषिक मिळालं. गेल्या पन्नास वर्षांत भारतातून आलेल्या गणिती निकालांत मी तिला फार वरचं स्थान देतो. तरीही सांगायला हवं, की प्रत्यक्षात ती जवळजवळ कोणी वापरत नाही. अंक वाढतील तसा तिचा वेळ आवाक्यात राहतो हे सिद्ध आहे, पण तो आवाका व्यवहाराला फार मोठा पडतो.

व्यवहारात चालते ती विवृत्तीय वक्रांची (इलिप्टिक कर्व्ह) पद्धत. तिचा आवाका कळायला निव्वळ १ या अंकाने लिहिलेल्या संख्या बघाव्यात: ११ मूळ, १११ संयुक्त (३ × ३७), आणि पुढची मूळ थेट एकोणीस एकांची. देवळालीला शाळामास्तरकी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या डेम्लो संख्यांत सर्वांत देखण्या त्या याच संख्यांचे वर्ग: ११११ चा वर्ग १२३४३२१. कापरेकरांनी ही कुळं पाटी-पेन्सिलीवर न्याहाळली. आज त्यांतल्याच संख्या सिद्धतेच्या कसोटीचे दगड झाल्या आहेत. ४९,०८१ एकांची संख्या 'बहुधा मूळ' असल्याचं हार्वे डबनर यांना १९९९ मध्ये आढळलं. सिद्धता हाती यायला २०२२ उजाडलं. ८६,४५३ एकांच्या संख्येची सिद्धता २०२३ मध्ये आली. म्हणजे शेजार अनोळखी असला की लाखाच्या आसपासच्या अंकांनाही आपली दमछाक होते, आणि शेजार ओळखीचा असला की चार कोटी अंक पार होतात. एवढी तफावत दुसऱ्या कुठल्याही आकड्याने अशी दिसत नाही.

आता जे कोणालाच ठाऊक नाही त्याबद्दल. ड्युरांटची संख्या ही सापडलेली ५२ वी मर्सेन मूळ संख्या. ५२ वी सापडलेली, ५२ व्या क्रमांकाची नव्हे. मधल्या सगळ्या घातांकांची दुहेरी तपासणी व्हायची आहे. २००८ मध्ये तर म-४३११२६०९ आधी सापडली आणि तिच्याहून लहान म-३७१५६६६७ दोन आठवड्यांनी. अशा संख्या संपत नाहीत असं सर्वांना वाटतं. घातांक दुप्पट होईपर्यंत सरासरी १.७८ सापडाव्यात असा अंदाजही आहे, आणि आतापर्यंतची मोजदाद त्याच्याशी बरी जुळते. सिद्धता नाही. गंमत म्हणजे मूळ घातांकाच्या संयुक्त मर्सेन संख्या अनंत आहेत, हेही कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि त्या तर पावलोपावली भेटतात. विषम परिपूर्ण संख्या असते का, हा युक्लिडच्या काळापासूनचा प्रश्नही तसाच आहे. असलीच तर ती दीड हजारांहून जास्त अंकांची असणार, एवढं २०१२ मध्ये ठरलं. ३ वरून ७, ७ वरून १२७, १२७ वरून म-१२७, ही साखळी आजवर मूळच निघाली आहे. पुढची कडी म्हणजे घातांकाच्या जागी म-१२७ घालायची. ती तपासणं सोडाच, लिहून काढायलाही जगातले सगळे संगणक पुरणार नाहीत.

याच्या अगदी उलट टोकाला म-१२७७ आहे. तिचे अंक फक्त ३८५. या लेखाच्या दोन-तीन परिच्छेदांत ती सहज मावेल. ल्युकाच्या चाचणीत तिला शून्य येत नाही, म्हणून ती संयुक्त आहे, हे निर्विवाद. पण विभाजक एकही सापडलेला नाही. संयुक्त असल्याचं ठाऊक असून एकही विभाजक न मिळालेल्या मर्सेन संख्यांत ती सर्वांत लहान. तिच्यावर यंत्रांचा किती वेळ गेला त्याला गणती नाही. चार कोटी अंकांची संख्या मूळ ठरते आणि ३८५ अंकांची फुटत नाही, ही परिस्थिती गुप्तलेखनाच्या पथ्यावर पडली आहे. मोठ्या संख्येचे विभाजक काढणं कठीण राहील या भरवशावरच आरएसए चालते.

वाचकांपैकी कोणाला ल्युकाची चाचणी स्वतः करून पाहायची असेल तर म-१३ घ्यावी, म्हणजे ८१९१. पायऱ्या अकरा. मोबाइलवरचा साधा कॅल्क्युलेटर चालेल, वहीची दोन पानं पुरतील. १४, मग १९४, मग ४८७० असे आकडे येत जातील. सातव्या पायरीला ३६ आणि दहाव्या पायरीला १२८ आले तर गणित रुळावर आहे असं समजावं. अकराव्या पायरीला शून्य आलं नाही, तर चूक तुमची आहे, ८१९१ ची नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून बघा.